डोळ्यांखालची काळी वर्तुळं: घरगुती आणि आयुर्वेदिक उपाय कुठल्या क्रमानं करायचे

काळ्या वर्तुळांवर उपाय करणाऱ्या बहुतेकांचा क्रम चुकतो. आज बटाट्याचा रस, उद्या हळदीचा लेप, आठवड्यानं कुणीतरी सांगितलेलं तेल, आणि पंधरा दिवसांत फरक दिसला नाही की थेट लिंबू. तोपर्यंत तिथली त्वचा इतकी चिडलेली असते की मूळचा काळेपणा तसाच राहतो आणि जळजळीमुळे आलेला नवा काळेपणा त्यावर चढतो. मग लोक म्हणतात, आयुर्वेदिक करून बघितलं, काही उपयोग नाही. उपायाची वेळ यायच्या आधी जे करायचं असतं ते केलेलंच नसतं, म्हणून या लेखात लावायच्या गोष्टी बऱ्याच उशिरा येतील. तुम्हाला मधला भाग सोडून थेट लेपाकडे जावंसं वाटेल, कृपा करून जाऊ नका.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. पापणीची आणि डोळ्याखालची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ त्वचा, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबीचा थरही नावालाच. त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या वरून दिसतात आणि वरून लावलेली गोष्टही तिला लगेच बोचते. गालाला चालतं ते इथे चालेलच असं नाही.

टप्पा १: तुमचं वर्तुळ कुठल्या प्रकारचं ते ओळखा

दिवसा, तोंड धुवून, मेकअप-काजळ काहीही न लावता खिडकीसमोर आरसा घेऊन उभे राहा. बाथरूमच्या वरच्या दिव्याखाली बघू नका, त्या उजेडात सगळ्यांच्याच डोळ्यांखाली सावली पडते.

१. रंग बघा. तपकिरी असेल तर त्वचेत रंगद्रव्य जास्त जमलंय. निळसर, जांभळट किंवा तांबूस असेल तर खालच्या रक्तवाहिन्या दिसतायत.

२. स्वच्छ बोटानं डोळ्याखालची त्वचा गालाच्या दिशेनं अगदी हलकी ताणा. तपकिरी रंग त्वचेबरोबर सरकतो, पण त्याचा रंग फारसा बदलत नाही. रक्तवाहिन्यांचा असेल तर ताणल्यावर निळेपणा उलट जास्त उठून दिसतो.

३. आता हनुवटी वर करून चेहऱ्यावर समोरून उजेड येऊ द्या. काळेपणा बराचसा गायब झाला तर ती सावली आहे, म्हणजे डोळ्याखाली खळगा पडलाय किंवा पिशवीसारखी सूज आहे आणि तिची छाया खाली पडतेय.

बऱ्याच जणांचं मिश्र निघतं, तपकिरी अधिक सावली किंवा निळसर अधिक सूज. हरकत नाही, जास्त काय आहे ते ठरवा.

वैद्यही साधारण असाच भेद करतात, फक्त त्यांची भाषा वेगळी. कोरडी, खोल गेलेली, सुरकुतलेली त्वचा आणि जागरणानं वाढणारा काळेपणा असेल तर वाताकडे बघतात. तांबूस-तपकिरी, जळजळणारा, उन्हात वाढणारा असेल तर पित्ताकडे. सकाळी उठल्यावर सूज आणि जडपणा असेल तर कफाकडे. हे कळलं की तेल लावायचं, थंड करायचं की सूज उतरवायची हे आपोआप ठरतं. कफाच्या सुजेवर रोज रात्री जाड तेल थापणारे लोक मी बघते तेव्हा वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते आणि दिशा उलटी.

तपासणी: त्याच खिडकीत, त्याच वेळेला, फिल्टर बंद करून एक फोटो काढून ठेवा. हा फोटो नसेल तर दोन महिन्यांनी फरक पडला की नाही हे फक्त मूडवर ठरेल.

टप्पा २: घरी करायचं की आधी डॉक्टरांकडे जायचं

पुढचं काही दिसत असेल तर घरगुती उपाय सुरू करू नका, आधी दाखवून घ्या:

- एकाच डोळ्याखाली अचानक आलेला काळेपणा किंवा सूज
- डोक्याला मार लागल्यानंतर डोळ्यांभोवती आलेला काळा-निळा रंग, हे तर लगेच
- लहान मुलाच्या डोळ्यांभोवती कारण नसताना जखमेसारखा रंग
- रोज सकाळी चेहरा आणि पायही सुजणं
- डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं
- खवले, चिरा, पाणी येणं, न थांबणारी खाज

आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालत असाल तर ते सांगायला विसरू नका. लॅटानोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट या जातीच्या थेंबांनी पापण्यांभोवतीची त्वचा काळवंडू शकते. पण मनानं थेंब बंद करायचे नाहीत, दृष्टीचा प्रश्न आहे.

टप्पा ३: चोळणं बंद करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. डोळे चोळल्यानं पातळ त्वचेला सतत सूज येते, त्यातून रंगद्रव्य वाढतं आणि त्वचा जाड, रेघारेघांची होत जाते. तुम्ही रात्री तेल लावता आणि दिवसभर डोळे चोळता, तर ते तेल काय करणार?

लोक म्हणतात मी चोळतच नाही. दोन दिवस नीट लक्ष द्या. सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुताना, टॉवेलनं पुसताना, चष्मा काढल्यावर, स्क्रीनसमोर दोन तास झाल्यावर, आणि झोपेत कुशीवर वळून उशीवर चेहरा दाबून. प्रत्येक वेळेचं कारण वेगळं, त्यामुळे उपायही वेगळा.

खाज येत असेल तर ॲलर्जी शोधा. धूळ, परागकण, पाळीव प्राण्याचे केस ही नेहमीची कारणं, पण नवीन काजळ, आय क्रीम, नेलपॉलिश (हो, नखांना लावलेलं, कारण बोटं डोळ्यांना लागतात) आणि केसांचा काळा डाय यांनीही पापण्यांना रिॲक्शन येते. संशय असेल ती गोष्ट तीन-चार आठवडे पूर्ण बंद ठेवून बघा. खाज आली की चोळायच्या ऐवजी थंड पाण्यात पिळलेला सुती रुमाल बंद डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवा.

डोळे कोरडे पडत असतील तर स्क्रीनवर काम करताना दर वीस मिनिटांनी नजर लांब न्या आणि मुद्दाम पूर्ण पापणी मिटून उघडा, कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो.

मेकअप काढताना कापसावर दोन थेंब साधं तेल किंवा रिमूव्हर घ्या, तो बंद डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता टेकवून ठेवा, मग खालच्या दिशेनं एकदाच पुसा. काजळ राहिलं तर नवीन कापूस घेऊन परत टेकवा, घासायचं नाही. रात्री काजळ लावून झोपणं बंद. उरलेलं काजळ त्वचेच्या बारीक रेघांत बसतं आणि तेच काळं वर्तुळ समजून लोक त्याच्यावर लेप लावत बसतात.

सावधान: सुरमा आणि काही काजळांत शिसं सापडतं. काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर मोठ्यांना नको आणि बाळांना तर अजिबात नको.

टप्पा ४: आतली बाजू सावरा, निदान दोन आठवडे आधीपासून

झोप. मोठ्यांना सात तास तरी हवेतच. जागरणानं चेहरा फिका पडतो, मग खालचा निळेपणा जास्त दिसतो आणि सूजही वाढते. आयुर्वेदात रात्री जागल्यानं रूक्षता आणि वात वाढतो म्हणतात, आणि त्यावर पादाभ्यंग सांगितलाय. झोपायच्या अर्धा तास आधी कोमट तिळाचं तेल तळपायांना लावा, दोन्ही पायांना मिळून दहा मिनिटं, टाचेपासून बोटांकडे, मग पुसून टाका नाहीतर फरशीवर घसराल. याची एक साधी जमेची बाजू सांगते, हाताला तेल असलं की त्या दहा मिनिटांत फोन हातात घेता येत नाही. सकाळी सूज येणाऱ्यांनी डोकं थोडं उंचावर ठेवून झोपा, रात्रीच्या जेवणात मीठ कमी करा, आणि दारू घेत असाल तर सुजेचं एक कारण तिथेच आहे.

रक्त. थकवा, धाप, फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती आहे ते यावरून कळतं) तपासा. प्रौढ स्त्रियांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली हिमोग्लोबिन गेलं तर तो ॲनिमिया. गरोदरपणात हे आकडे वेगळे. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील ते लोह घ्या, जेवणात क जीवनसत्त्व असू द्या म्हणजे लोह नीट शोषलं जाईल, आणि जेवण आणि चहा-कॉफी यात निदान एक तासाचं अंतर ठेवा. लोह भस्म, मंडूर वगैरे स्वतःच्या मनानं अजिबात सुरू करू नका, शरीरात जास्त झालेलं लोहही त्रासदायक असतं.

नाक. याच्याकडे कुणी बघतच नाही. नाक सतत चोंदलेलं असेल तर डोळ्यांखालच्या शिरांमधून रक्त नीट पुढे सरकत नाही, ते तिथे साचतं आणि निळसर वर्तुळ दिसतं. सर्दी-ॲलर्जीवाल्यांचं वर्तुळ बऱ्याचदा याचंच असतं आणि त्यांनी नाक बरं केलं की अर्धं काम होतं. मिठाच्या पाण्यानं नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच वापरा. नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल सोडणं, वैद्यांनी प्रकृती बघून सांगितलं तरच, आणि ताप असताना किंवा जेवल्या जेवल्या नाही.

ऊन. तपकिरी वर्तुळवाल्यांनी सनस्क्रीन लावल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जायचंच नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, एसपीएफ ३० किंवा जास्त, असं सनस्क्रीन डोळ्यांभोवती सहसा कमी झोंबतं. बाहेर जाताना मोठ्या काचांचा गॉगल. रात्री रंग उतरवायचा प्रयत्न आणि दिवसा उघडं ऊन, हे चालू राहिलं तर वर्षभरातही काही बदलणार नाही.

टप्पा ५: पॅच टेस्ट

जे लावणार ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, रोज दोनदा असं सात दिवस लावा. एकदा लावून दुसऱ्या दिवशी बघणं पुरेसं नाही, कारण काही ॲलर्जी चार-पाच दिवसांनी उमटतात. लाली, पुरळ, खाज काहीही आलं तर ती गोष्ट बाद. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी बदामाचं तेल टेस्टलाही घेऊ नका.

हे डोळ्यांखाली कधीच लावू नका, "नैसर्गिक" असलं तरी:

- लिंबाचा रस. भयंकर आम्लयुक्त असतो, त्यात ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन महिनोन्महिने काळी राहू शकते.
- खाण्याचा सोडा, टूथपेस्ट.
- दालचिनी, लवंग, पुदिना यांची उग्र तेलं.
- जाडसर पूड असलेले स्क्रब.
- "पंधरा दिवसांत गोरेपणा" असं सांगणारी, घटक न लिहिलेली क्रीम्स. अशांत स्टेरॉइड किंवा पारा निघतो, डबीवर आयुर्वेदिक लिहिलेलं असलं तरीही. स्टेरॉइडनं ही त्वचा आणखी पातळ होते आणि डोळ्यांतला दाबही वाढू शकतो.

टप्पा ६: प्रकारानुसार एकच उपाय निवडा

एकच. दोन एकत्र लावले तर फायदा कशाचा आणि रिॲक्शन कशाची ते कळणारच नाही.

*निळसर आणि सूज असेल तर थंडावा.* चहाची पिशवी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पिळा, फ्रिजमध्ये गार करा आणि बंद डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवा. गारव्यानं आणि कॅफिननं रक्तवाहिन्या आकसतात. काकडीच्या चकत्याही चालतात, त्यांचा फायदा मुख्यतः गारव्याचा. हा परिणाम काही तासांचाच हे मान्य करून वापरा, त्यानं वर्तुळ कायमचं जाणार नाही. बर्फ थेट त्वचेवर लावू नका, कापडात गुंडाळूनच.

*तपकिरी असेल तर ज्येष्ठमध किंवा कुंकुमादी तेल.* ज्येष्ठमधातला ग्लॅब्रिडिन हा घटक रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला अडवतो. पण तो पाण्यात फारसा उतरत नाही, म्हणून पूड पाण्यात कालवून लेप लावायची जी नेहमीची पद्धत आहे तिचा उपयोग कमी, आणि वाळलेला लेप काढताना जे घासलं जातं त्याचं नुकसान जास्त. त्यापेक्षा ज्येष्ठमध अर्क असलेलं सौम्य क्रीम किंवा ज्येष्ठमध, मंजिष्ठा, चंदन, केशर वगैरे घालून तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं कुंकुमादी घ्या. लेबलवर घटकांची पूर्ण यादी असली पाहिजे, वरून सुगंध घातलेलं नको. हे रात्रीच लावायचं. आणि ज्येष्ठमध चूर्ण पोटात घेऊन वर्तुळं जातील म्हणून रोज खाऊ नका, दीर्घकाळ घेतल्यानं ब्लडप्रेशर वाढतं आणि पोटॅशियम घसरतं.

*कोरडी, सुरकुतलेली, खोल गेलेली असेल तर शतधौत घृत किंवा बदाम तेल.* शतधौत घृत म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, थोडं उकळून गार केलेलं पाणी घालायचं, तळहातानं गोल गोल फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवीन पाणी. सुरुवातीला तूप हाताखाली रवाळ लागतं आणि पाणी बाजूला पळतं, नंतर हळूहळू पिवळेपणा जातो, वास जातो आणि शेवटी लोण्याहून हलकं, पांढरंशुभ्र, बोटाला गार लागणारं क्रीम तयार होतं. कित्येक तासांचं काम आहे. वीस-पंचवीस वेळा धुवून "झालं" म्हणू नका, रवाळपणा राहिला की तो त्वचेला लागतो. आत पाण्याचा अंश राहतो म्हणून थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्यानंच काढा, आंबट वास आला की फेकून द्या.

*जळजळ, लाली असेल तर कोरफड.* पान कापल्यावर लगेच गर काढू नका. कापलेली बाजू खाली करून पान पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळसर चिकट रस गळून जाऊ द्या, धुवा, मग साल काढा. कोरफडीनं आग झाली अशी तक्रार ऐकली की बऱ्याचदा हा पिवळा रस राहिलेला असतो.

*सावली असेल तर* लावायच्या कुठल्याही गोष्टीनं खळगा भरत नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, म्हणजे पैसे आणि आशा दोन्ही वाचतात. सूज असेल तर चौथा टप्पा पाळा, हाडाची ठेवणच तशी असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

टप्पा ७: लावायची पद्धत

१. हात साबणानं धुवा. चेहरा धुवून टॉवेलनं टिपा.

२. दोन्ही डोळ्यांना मिळून तेलाचा एक थेंब, किंवा क्रीम तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं की रात्री डोळ्यांत उतरतं, सकाळी धूसर दिसतं आणि सूज येते.

३. डोळ्याखाली हाताला जे हाड लागतं त्याच्यावर लावा, पापणीच्या केसांजवळ नाही. तिथून ते थोडं आपोआप वर सरकतं.

४. करंगळीशेजारच्या बोटानं हलकं टेकवत जा, या बोटाचा जोर सगळ्यात कमी पडतो. त्वचा हलताना दिसली तर तुम्ही दाबताय. इथे मसाज नको.

५. झोपायच्या वीस मिनिटं आधी लावा. उरलेलं तेल टिशूनं टिपून घ्या.

पहिला आठवडा एक दिवसाआड, मग रोज.

सावधान: यातलं काहीही डोळ्याच्या आत घालायचं नाही. गुलाबपाणी, मध, एरंडेल, घरी केलेला त्रिफळ्याचा काढा, काहीच नाही. घरातला काढा निर्जंतुक नसतो आणि त्यातले चूर्णाचे बारीक कण बुबुळावर ओरखडे काढतात.

टप्पा ८: वाट बघणं आणि मोजणं

त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्त. म्हणून तपकिरी वर्तुळाला आठ ते बारा आठवडे द्या. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीत फोटो काढा, रोज आरशात जवळून बघत बसू नका. घराण्यातच असेल, आईला-आजीला असेल, तर फिकं होणं हेच यश समजा.

मधेच डोळ्यांखाली बारीक पांढरे कडक दाणे आले तर तेल किंवा घृत थांबवा, ते मिलिया आहेत, फोडायचे नाहीत, बहुतेक वेळा आपोआप जातात. खाज, लाली, पापणीला सूज आली तर सगळंच थांबवून फक्त पाण्यानं धुवा, आणि दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर दाखवा.

बारा आठवडे झाले आणि फोटोत काहीच फरक नाही, तर तेल बदलून नवीन बारा आठवडे सुरू करू नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत वैद्यांकडे जा, आणि जाताना चारही फोटो, हिमोग्लोबिन-फेरिटिनचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि आतापर्यंत जे जे लावलं त्याच्या बाटल्या-डब्या सोबत न्या. "एक तेल लावत होते" यातून त्यांना काही कळत नाही, बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचून कळतं.